भाग ३४ : मासा दीडशे मीटर पळतो तेव्हा

(हे ऑडिओ भागाचं लिखित रूप आहे. अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकणाऱ्यांना मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येतील. मिरचीचा सीझन आहे, त्याला इलाज नाही.)

कळमन्यातून बोलतोय. मागच्या भागाखाली एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, ते परदेशातले लोक नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोरी हवेत फिरवतात, सॅल्मन पकडतात, अन् मासा लागला की रीळ नुसतं किर्रर्र ओरडत राहतं. ते नेमकं काय चाललं असतं? अन् पकडून परत सोडतात काहून?"

प्रश्न बेस्ट आहे. आजचा पूर्ण भाग त्यावरच. फक्त आपण सॅल्मनवर फार वेळ थांबणार नाही, कारण त्याच्या तोडीचा मासा आपल्याच नद्यांमध्ये आहे आणि त्याची गोष्ट सॅल्मनपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. त्या गोष्टीत लोणावळा आहे, कावेरी आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने केलेलं एक मोठं चांगलं काम आहे, ज्याचा हिशेब भलतीकडेच जाऊन बसला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मुंबईच्या हॉटेलात मेनूकार्डावर 'इंडियन सॅल्मन' लिहिलेलं असतं, तो रावस. चवीला छान, पण सॅल्मनचा तो नातेवाईकही नाही. खरा अटलांटिक सॅल्मन जन्मतो नदीत, मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. नदीत शिरला की जेवण जवळजवळ बंद. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो शेकडो किलोमीटर प्रवाहाच्या उलटा जातो. आता विचार करा, जो मासा खातच नाही तो गळाला का लागतो? यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. कोणी म्हणतं चिडून, कोणी म्हणतं लहानपणीच्या सवयीने. पण लागतो, आणि लागला की पळतो. स्कॉटलंडच्या टे नदीत १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईंनी ६४ पौंडांचा सॅल्मन काढला. म्हणजे एकोणतीस किलो. ब्रिटनमध्ये गळाने पकडलेल्या सॅल्मनचा तो विक्रम शंभर वर्षं उलटली तरी त्यांच्याच नावावर आहे. मासा आवरायला दोन तासांच्या वर लागले होते.

आता आपल्याकडे या.

आपला मासा म्हणजे महसीर. कोणी महाशीर म्हणतं, कोणी खडशी. हा रोहू-कतल्याच्याच खानदानातला आहे. म्हणजे आपण शुक्रवारी-रविवारी पिशवीत घालून आणतो त्या मासोळीचा चुलतभाऊ. पण रोहू शांत पाण्यातला, आणि हा धावत्या पाण्यातला. खवले एवढे मोठे की मोठ्या माशाचा एक खवला तळहातावर मावावा. जबड्यात दात नाहीत, दात आहेत घशात, आणि ते इतके दणकट की खेकडा, शिंपला भरडून काढतात. खायला काहीही चालतं: छोटे मासे, किडे, शेवाळ, काठावरच्या उंबराची फळं. उंबराखाली डोह असेल तर तिथं महसीर असण्याची शक्यता धरावी, असं जुने ढिवर सांगतात ते उगाच नाही.

आकार किती? १९४६ साली म्हैसूरजवळ कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी काढलेला महसीर १२० पौंडांचा होता. म्हणजे चोपन्न किलो. कळमन्यातल्या माणसाला हे समजवायला फार कष्ट नाहीत. सोयाबीनचं एक पोतं, वर दोन-तीन पायल्या. तेवढं वजन, आणि ते जिवंत, आणि ते प्रवाहात, आणि तुमच्या हातातल्या काडीला बांधलेलं.

हेन्री सुलिव्हन थॉमस नावाचा मद्रास सरकारातला इंग्रज अधिकारी होता. त्याने १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, 'द रॉड इन इंडिया'. त्याचं म्हणणं होतं की वजनाला वजन लावलं तर महसीर सॅल्मनपेक्षा जास्त झुंजतो. इंग्रज माणूस स्वतःच्या देशाच्या लाडक्या माशाबद्दल असं लिहितो, म्हणजे बघा. त्याने फरकही सांगितला: सॅल्मन हवेत उड्या मारतो, पुन्हा पुन्हा पळतो. महसीर सगळी ताकद पहिल्याच धावेत ओततो. ती पहिली धाव सांभाळली तर सांभाळली.

मी ही धाव एकदाच पाहिली आहे, हातात काठी धरून. महाराष्ट्रात नाही. उत्तराखंडात, पंचेश्वरला. लोहाघाटहून खाली उतरत गेलं की सरयू आणि महाकाली यांचा संगम लागतो. पलीकडचा काठ नेपाळचा. तिथला महसीर सोनेरी जातीचा, आपल्या दख्खनच्या महसीरापेक्षा वेगळा, पण स्वभाव तोच. परवाना काढलेला, मासा परत सोडायचा या अटीवर. मार्चचा शेवट. बर्फ वितळायला लागलेलं, महाकाली थंड आणि जरा गढूळ, सरयू स्वच्छ. दोन्ही पाणी जिथं एकमेकांना घासतं त्या रेषेवर मासा उभा राहतो.

जे झालं ते सांगण्याआधी सामान समजून घ्या, नाहीतर मजा कळणार नाही.

आपण कन्हानवर बसून जो गळ टाकतो त्यात वजन टोकाला असतं. शिसं बांधतो, ते दोरा ओढत नेतं. फ्लाय म्हणजे माशी. कोंबड्याच्या पिसाची, केसाची, चमकीच्या धाग्याची. तिला वजनच नाही, फेकून बघा, पायाशीच पडेल. म्हणून इथं वजन दोरीत असतं. जाड, मेण लावल्यासारखी गुळगुळीत दोरी, साधारण तीस मीटर. ती मागे-पुढे हवेत उलगडायची, म्हणजे तिच्या मागोमाग माशी जाते. श्रोत्याने विचारलं होतं ना, दोरी हवेत का फिरवतात? यासाठी. शोबाजी नाही ती.

त्या जाड दोरीच्या पुढच्या टोकाला पारदर्शक बारीक धागा, माशाला दिसू नये म्हणून. आणि मागच्या टोकाला, रिळाच्या पोटात, बारीक विणलेला धागा दीडशे-दोनशे मीटर. त्याला बॅकिंग म्हणतात. रोजच्या मासेमारीत बॅकिंग कधी उजेडच बघत नाही. कित्येक लोक वर्षानुवर्षं मासे धरतात आणि त्यांचं बॅकिंग कोरं राहतं. ते फक्त अशा माशासाठी असतं जो तीस मीटरवर थांबायला तयार नाही.

रिळाला ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. स्कूटरच्या क्लचसारख्या चकत्या. नवखा माणूस म्हणतो, मासा मोठा आहे, ब्रेक घट्ट करू. इथं थोडं गणित आहे, नववीतलंच आहे, घाबरू नका. ब्रेक रिळाच्या आसाला धरतो. दोरा भरलेला असतो तेव्हा गुंडाळी मोठी असते, मासा लांबच्या टोकावरून ओढतो, त्याला सोपं जातं. दोरा जसा निघून जातो तशी गुंडाळी लहान होते. व्यास अर्धा झाला की तोच ब्रेक, तुम्ही हात न लावता, दोऱ्यावर दुप्पट ताण देतो. दाराचा कडीजवळ आणि बिजागरीजवळ ढकलून फरक बघा, तोच हिशेब. वर पाण्यात पसरलेली शंभर मीटर दोरी, तिला पाणी घासतंय, तो ताण वेगळा. म्हणजे मासा जितका लांब, तितका धागा तुटण्याच्या जवळ, जरी तुम्ही काहीच केलं नाही तरी. म्हणून जाणकार माणूस मासा पळत असताना ब्रेक आवळत नाही, उलट किंचित सैल करतो. बघणाऱ्याला वाटतं, हा येडा आहे का बे.

तर पंचेश्वर. सकाळचे सात वाजले असतील. माझ्यासोबत तिथलाच एक वाटाड्या होता, चाळिशीचा, नदीकाठीच वाढलेला. तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, तो मला दाज्यू म्हणायचा, मी त्याला. दोघांनाही एकमेकाचं वय विचारायचं नव्हतं. दोन दिवस काही लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माशी त्या दोन पाण्यांच्या रेषेतून तिरपी आली, मी डाव्या हाताने दोरी थोडी-थोडी ओढत होतो, आणि ओढता ओढता दोरी थांबली. दगडात अडकल्यासारखी. मग तो दगड चालायला लागला.

पुढचे काही सेकंद पायाशी पडलेली मोकळी दोरी उडत वर जाते. त्या वेळी ती बुटाला, बटणाला, कशालाही अडकली की संपलं. ती गेली, रीळ ताणात आलं आणि तो आवाज सुरू झाला. व्हिडिओत ऐकता त्यापेक्षा वेगळा असतो. वर जाणारा सूर असतो त्याला, कारण वेग वाढत असतो. जाड दोरी तीस मीटर, ती गाठ कड्यांमधून खटखट करत गेली, आणि पांढरं बॅकिंग दिसायला लागलं. मी मुठीने रिळाची मूठ धरायला गेलो असतो तर बोटं फुटली असती, ती मूठ पंख्यासारखी फिरत असते. वाटाड्या शांतपणे म्हणाला, "जाने दो दाज्यू, अभी उसका टाइम है।"

हे वाक्य मी पुष्कळांना सांगितलंय. अभी उसका टाइम है. पहिल्या धावेत तुमचं काम फक्त एवढंच, की धाग्यावर ताण राहू द्यायचा आणि आड यायचं नाही. सॅल्मनवाले हेच सांगतात. काठी उंच धरायची, म्हणजे दोरी दगडांच्या वर राहते. मासा थांबला की मग तुमची पाळी.

आणि पाय. हे कोणी सांगत नाही. लांब पळालेल्या माशाला ओढून आणायचं नसतं, त्याच्याकडे चालत जायचं असतं. आम्ही त्या गोट्यांवरून प्रवाहाच्या दिशेने जवळजवळ दोनशे पावलं धावलो-घसरलो, धावता धावता दोरा भरत. मासा वर आणि आपण खाली, किंवा निदान बरोबरीने, असं झालं पाहिजे. मग त्याला आपल्याशीही भांडावं लागतं आणि पाण्याशीही. तुम्ही वर उभे राहून खालचा मासा ओढलात तर नदी त्याच्या बाजूने असते. काठी आडवी करून बाजूने ताण द्यायचा, त्याचं डोकं वळवायचं. डोकं वळलं की शरीर येतं.

तो दोनदा अजून पळाला, पण छोट्या धावा. वीस मिनिटांच्या आत काठाला आला. वजन केलं नाही, वाटाड्याने अंदाजाने सात किलो सांगितलं. विक्रमापुढे लेकरूच. पाठ हिरवट, कडा सोन्याच्या, पंख केशरी. पाण्यातून बाहेर काढलाच नाही. आकडीचा काटा चिमट्याने आधीच दाबून सपाट केलेला होता, त्यामुळे आकडी एका वळणात निघाली. वाटाड्याने त्याला शेपटीजवळ आणि पोटाखाली धरून तोंड प्रवाहाकडे केलं आणि वाट बघत बसला. एक मिनिट, दोन मिनिटं. कल्ले उघडत-मिटत होते. मग शेपटीने एकच फटका मारला आणि पाणी रिकामं. मला फोटो काढायचा होता हे मला त्यानंतर आठवलं. म्हणून इन्स्टावर काही नाही, शोधू नका.

सोडतात काहून, हा दुसरा प्रश्न. दोन उत्तरं आहेत. एक शरीराचं. अशी जीवतोड धाव मासा पांढऱ्या स्नायूंवर मारतो. हे स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता काम करतात, पण साठा लवकर संपतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. चारशे मीटर जीव खाऊन धावल्यावर आपल्या पायांचं जे होतं तेच. त्यातून पूर्ण सावरायला माशाला काही तास लागतात. पाणी कोमट असेल तर ऑक्सिजन कमी, मग सावरणं अजून अवघड. म्हणून बारीक धाग्यावर तासभर खेळवत बसणारा माणूस भारी खेळाडू नसतो, तो मासा मारत असतो, फक्त मासा त्याच्या डोळ्यांसमोर मरत नाही. जाडसर सामान वापरावं, लवकर आणावा, पाण्यातच ठेवावा, सोडावा. भर उन्हाळ्यात तर काठी घरीच ठेवावी.

दुसरं उत्तर म्हणजे मासे उरले किती. इथून गोष्ट लोणावळ्याला जाते.

पण त्याआधी एक मजेची गोष्ट. कर्नल विल्यम साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनमध्ये फिरून पाहणी करत होता. त्याने इथल्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये छापली आणि शास्त्रीय नावं देताना सरळ इथल्या कोळ्यांनी सांगितलेली मराठी नावं उचलली. म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ लॅटिनच्या थाटात जे लिहितात, खुद्री, कोलस, नुकटा, पोताइल, ते आपलेच शब्द आहेत. दख्खनच्या महसीराचं नाव 'टोर खुद्री'. त्याने वर्णन केलेला मासा पुण्याच्या मुळा-मुठेतला. आज त्या नदीकडे बघून विश्वास बसणार नाही.

धरणं झाली, नद्यांचं पाणी घाण झालं, आणि लोकांनी सुरुंग लावून, विजेची तार सोडून, ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले. महसीर अंडी घालायला पावसाळ्यात वर चढतो. मध्ये भिंत आली की संपलं. १९७० च्या आसपास हा मासा जातोय हे दिसायला लागलं होतं. टाटांची वीज जिथून होते ती लोणावळ्याची धरणं, त्यातल्या वळवणच्या तलावाकाठी त्यांनी महसीराचं बीज केंद्र काढलं. महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी त्यामागे होते. पुढे शशांक ओगले यांनी वर्षानुवर्षं ते काम सांभाळलं. मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचं वीर्य त्यात मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी उबवायची. महसीर रोहूच्या मानाने फार कमी अंडी देतो आणि तीही मोठी, वजनदार. प्रत्येक अंड्याला किंमत. असं करून लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभरच्या तलावांत, नद्यांत गेली.

निकाल काय? 'टोर खुद्री' एके काळी धोक्यातल्या माशांच्या यादीत होता. आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आययूसीएनच्या, तो आता फारशी चिंता नसलेल्या गटात आहे. एका मराठी माणसाने सुरू केलेलं काम, पन्नास वर्षं चाललं आणि मासा वाचला. याबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात चार ओळी असायला हव्या होत्या. २०२३ मध्ये आपण राज्यमासा म्हणून पापलेट निवडला. पापलेट मलाही आवडतो, पण खरं सांगू, माझं मत महसीराला होतं. मध्य प्रदेशाने २०११ मध्येच नर्मदेतल्या महसीराला राज्यमासा केलंय.

आता हिशेब भलतीकडे कुठं बसला ते ऐका.

ती लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, तिथले महसीर कमी होत होते, भर घालू. पण कावेरीचा मूळ महसीर वेगळा होता. पाठीला कुबड, पंख केशरी, आणि आकाराने राक्षस. ते चोपन्न किलोचे वगैरे विक्रम कावेरीच्या खोऱ्यातले, या कुबडवाल्याचे. आपल्या खुद्रीचे पंख निळसर. दोघं एका नदीत आले आणि निळा वाढत गेला, केशरी कमी होत गेला.

हे कळलं कसं? सरकारी मोजणीतून नाही. कावेरीवर गालिबोरेसारखे मासेमारीचे कॅम्प होते, पकडा-नोंदवा-सोडा अशा पद्धतीचे. तिथं येणारा माणूस संध्याकाळी वहीत लिहायचा: किती तास बसलो, किती मासे, किती वजनाचे, कोणत्या रंगाचे. आपल्या अडत दुकानात दिवाणजी रोजची आवक लिहितो ना, तसं. माझे वडील दिवाणजी होते. ते म्हणायचे, लिहिणाऱ्याला त्या दिवशी काही कळत नाही, दहा वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या की कळतं. तसंच झालं. अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी तपासल्या आणि चित्र उघडं पडलं. निळे भराभर वाढले होते. कुबडवाले दिसेनासे होत होते, आणि जे लागत होते ते मोठे म्हातारे. लहान पिल्लं लागतच नव्हती. म्हणजे घरात आजोबा आहेत, नातवंडं नाहीत.

सगळ्यात वाईट बाब पुढे आहे. दीडशे वर्षं ज्याच्या मागे जगभरचे लोक धावत आले त्या माशाला तोवर पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. नाव नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून संरक्षण नाही. २०१८ मध्ये ठरलं की हा 'टोर रेमादेवी', जो केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये नोंदला गेला होता. आणि त्याच वर्षी तो यादीत गेला, अतिसंकटग्रस्त म्हणून. नाव मिळालं ते थेट आयसीयूच्या पाटीवर.

यात लोणावळ्याच्या लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या काळी महसीर म्हणजे महसीर, एवढीच समज सगळ्यांची होती. नदीनदीचा मासा वेगळा असतो, त्याची अदलाबदल करू नये, हे नंतर उमगलं. आणि कावेरीत एकटा खुद्री दोषी नाही, धरणं आहेत, वाळू उपसा आहे, सुरुंग आहेत. पण आजही कुठल्याही तलावात कुठलीही पिल्लं सोडून फोटो काढण्याचे कार्यक्रम होतात. पुढच्या वेळी असा फोटो दिसला की खाली एक प्रश्न टाका: भाऊ, ही पिल्लं कोणत्या नदीची?

कावेरीचे ते कॅम्प पुढे बंद झाले. अभयारण्यात मासेमारी, मग ती सोडून देण्याची का असेना, कायद्यात बसत नाही, असा अर्थ लागला. यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हींत दम आहे. एक म्हणते, आकडीने तोंड फाडून मजा घेणं हा कसला निसर्गप्रेमाचा प्रकार? दुसरी म्हणते, कॅम्प होते तेव्हा राखणदार होते, त्यांचा पगार या मजेतून निघायचा, त्यात काही जण आधी सुरुंगवालेच होते. कॅम्प गेले, राखणदार गेले, सुरुंगवाल्याला रान मोकळं झालं. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिल्या बाजूचा प्रश्न मी टाळू शकत नाही. मासा पळतो तेव्हा तो खेळत नसतो. तो जीव वाचवत असतो. किंचाळणाऱ्या रिळाची मजा आपली एकट्याची आहे.

पंचेश्वरचंही सांगून टाकतो. १९९६ मध्ये भारत आणि नेपाळमध्ये महाकाली करार झाला. त्यात पंचेश्वरला तीनशे मीटरच्या वर उंचीचं धरण ठरलंय. अजून झालेलं नाही. झालं तर मी उभा होतो ती जागा पाण्याच्या खूप खाली जाईल. नुसता संगम नाही, गावं जातील. वाटाड्याला विचारलं होतं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, लहान होतो तेव्हापासून धरण येतंय, मुलगी कॉलेजला गेली, धरण अजून येतंय. घराला स्लॅब टाकायचा की नाही, हेच ठरवता येत नाही दाज्यू.

बरं, आता शेवटचे दोन प्रश्न, कारण ते नक्की येणार.

नागपुरात हे कुठं करता येईल? पेंच व्याघ्र प्रकल्पात नाही. तोतलाडोहच्या पाण्यात गळ टाकणं बेकायदा आहे, तिकडचे रील्स बघून जाऊ नका. बाकीचे बरेचसे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथं ढिवर बांधवांचं पोट आहे, आधी संस्थेत जाऊन विचारायचं, पैसे सांगतील ते द्यायचे. फ्लायची सवय करायची असेल तर महसीर कशाला, तिलापियावर करा. कुठल्याही डबक्यात आहे, बाहेरून आलेला आहे, पकडून घरी नेला तरी कोणी रडणार नाही. दोरी उलगडायला मात्र पाणी लागतच नाही. मी तीन महिने रविवारी संध्याकाळी, बाजार बंद असताना, लिलावाच्या मोकळ्या शेडमध्ये सराव केला. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायचा. हमाल लोक बघत बसायचे. एका काकांनी विचारलं, "काय पकडून रायला बाप्पा, कबुतरं?"

आणि सामान कितीचं? सुरुवातीला नवीन घेऊ नका. पाच-सहा नंबरची काठी तिलापियाला पुरते, महसीराला आठ-नऊ लागते. जुनं विकणारे गट आहेत, तिथं मिळतं. रीळ घेताना एकच गोष्ट तपासा. दोरा हाताने जोरात ओढा आणि ब्रेक सुरुवातीला झटका देतो का ते बघा. झटका देत असेल तर कितीही चकचकीत असलं तरी ठेवून द्या, कारण धागा तुटतो तो त्या पहिल्या झटक्यालाच.

पुढच्या भागात बिना संगमावरच्या एका ढिवर आजोबांशी गप्पा आहेत, जाळं विणण्यावर. रेकॉर्डिंग झालंय, फक्त त्यात त्यांचा कोंबडा फार बोललाय, तेवढं कापतो आणि टाकतो. भेटू.